खुर्चीत बसलेल्या मावशी

लग्नाचे फोटो काढणाऱ्या आम्हा लोकांची एक सवय आहे. नवरा-नवरी तयार होऊन येईपर्यंत स्टेजवरच्या खुर्चीत जवळपासच्या कुणाला तरी बसवायचं, त्याच्यावर लाइट तपासायचा आणि ते फोटो लगेच उडवून टाकायचे.

परवा कऱ्हाडच्या एका कार्यालयात मी स्टेज झाडणाऱ्या मावशींना बसवलं. त्यांनी झाडू खुर्चीमागे लपवला, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. मी चार फोटो काढले, फ्लॅश थोडा कमी केला.

"चांगला आला का वो?" उठता उठता त्यांनी विचारलं.

"लाइट बरोबर आहे आता," मी म्हणालो. त्या मान हलवून झाडू घेऊन निघाल्या.

मग दुपारभर मी नवरीला हनुवटी वर करायला आणि हसायला सांगत होतो. ती हसतही होती, पण सांगितल्यासारखी. लग्नांच्या कामातून सवड मिळाली की स्वतःसाठी साध्या माणसांचे चेहरे टिपायचे, असं मी गेली कित्येक वर्षं बायकोला सांगतोय. त्यासाठी एक जुनी लेन्सही घेऊन ठेवलीय.

संध्याकाळी घरी सगळे फोटो बघताना मला एकदम मावशींचा चेहरा आठवला. मी ते चार फोटो शोधायला लागलो. मग लक्षात आलं, मावशी स्टेजच्या पायऱ्या उतरायच्या आतच मी ते उडवले होते.