कापडबाजारातला लाल तागा

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर शांघायची एक मुलगी बसायची. व्हिसाच्या घोळामुळे तिला चार वर्षांत घरी जाता आलं नव्हतं. मला कामासाठी दहा दिवस शांघायला जायचं ठरलं, तेव्हा मी सहज विचारलं, "शॉपिंग कुठे करू गं?"

"मोठ्या रस्त्यावरच्या झगमगाटात जाऊ नकोस, तिथे फक्त टूरिस्ट फसतात. कापडबाजारात जा, कोट शिवून घे. थांब, आईलाच सांगते."

रविवारी सकाळी तिची आई हॉटेलच्या लॉबीत हजर. ठेंगणी, चपळ बाई. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. त्यांनी सरळ माझं मनगट धरलं आणि मला बसमध्ये चढवलं.

कापडबाजार म्हणजे तीन मजल्यांची इमारत, गाळ्यागाळ्यांत शिंपी आणि छताला टेकलेले तागे. मी पहिल्याच गाळ्यापाशी रेंगाळले, तर काकूंनी मला ओढून पुढे नेलं. पाच-सहा गाळे सोडून त्या एका ठिकाणी थांबल्या. कापड मुठीत चुरगाळून पाहिलं, शिंपिणीशी कडाकडा भांडल्या आणि मग दोघी हसायला लागल्या. माझ्या राखाडी कोटाची मापं झाली. मी निघणार, एवढ्यात काकूंनी गडद लाल लोकरीचा तागा माझ्या खांद्यावर टाकला.

"नको, एकच पुरे," मी हातवारे करून सांगितलं.

शिंपिणीला थोडं इंग्रजी येत होतं. "नॉट यू. डॉटर. सेम साइज."

मग मी गुपचूप उभी राहिले. शिंपीण टेप लावायची आणि काकू मध्येच हात घालून खुणेने दाखवायच्या: कमरेत सैल ठेव, बाही लांब ठेव. शेवटी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मीही हलले नाही.

चार दिवसांनी दोन्ही कोट हॉटेलवर आले.

परतल्यावर ऑफिसच्या किचनमध्ये तिने लाल कोट घालून पाहिला. कमरेत चांगलाच ढगळ होता.

"आईला मी अजून जाडीच वाटते," ती हसली. मग बटणं लावता लावता म्हणाली, "कशी दिसते गं ती आता? व्हिडिओ कॉलवर कधी येतच नाही."

"चपळ आहेत. मला मागे पळावं लागत होतं."

"केस?"

"पांढरे झालेत."

"सगळे?"

"बहुतेक सगळे," मी म्हणाले. खोटं बोलवेना. तिने मान हलवली आणि आमच्या दोघींच्या चहासाठी केटल भरायला घेतली.