नाचणीच्या शेतावर गेलेला वर्ग

जव्हार संस्थानात मी फौजदार होतो. त्या नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता विसरलो आहे, पण ज्यात शेवटी गुन्हाच निघाला नाही असे एक प्रकरण मात्र मनातून गेले नाही.

शाळेच्या मास्तरांनी तिसरीच्या मुलांना नाचणीची कापणी दाखवायचे ठरवले होते. भाकरी सगळेच खात, पण कारकुनांच्या आणि दुकानदारांच्या मुलांनी कणीस कापताना कधी पाहिले नव्हते. वाट रानातली, म्हणून मास्तरांनी एक शिपाई मागितला. माझी मुलगी त्याच वर्गात होती. मी म्हटले, मीच येतो.

दोन बैलगाड्या करून आम्ही साखरशेतच्या बाजूला एका पाड्यावर गेलो. शेत एका विधवा म्हातारीचे होते. ती आणि तिची नात दोघीच कापणी करत होत्या. म्हातारीने प्रत्येक मुलाचा हात धरून विळा चालवायला शिकवले. दुपारी तिने सर्वांना पानांच्या द्रोणांतून नाचणीची आंबील दिली. मीही दोन द्रोण प्यालो. मग मास्तर काही मुलांना घेऊन झाडाखाली बसले, मी पाड्याच्या पाटलाशी बोलत राहिलो आणि बाकीची मुले कुंपणाकडे खेळायला गेली. माझे त्यांच्याकडे लक्ष नव्हते. सोबतीला गेलो होतो ते लक्ष ठेवायलाच.

परतताना अर्ध्या वाटेत पहिली उलटी झाली. जव्हारला पोचेपर्यंत नऊ मुले पोट धरून रडत होती. एका सुताराच्या मुलाचे हातपाय गार पडले होते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "विषबाधा आहे. कशाची, ते इतक्यात सांगता यायचे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीचा एक शेजारी खबर घेऊन ठाण्यात आला.

"सायेब, ती बाई भुताली हाय. तिच्या नजरंनं माझा रेडा मेला. आंबिलीत तिनंच काय तरी घातला."

भुताळी म्हणजे चेटूक करणारी. चेटकावर माझा विश्वास नव्हता, पण आंबिलीचा संशय रास्त वाटत होता. गावात पालक खवळले होते. कचेरीतून हुकूम आला की बाईला हजर करा. मी दोन शिपाई पाठवले. त्यांनी तिला भर दिवसा, सगळ्या पाड्यादेखत, शेतातून उठवून आणले.

ती ठाण्याच्या ओसरीवर बसली. रडली नाही की हात जोडले नाहीत.

"आंबिलीत काय घातलेस?" मी विचारले.

"नाचणीचा पीठ, ताक नि मीठ. माझे नातीनं पेली. तुमीपण पेलात ना, सायेब?"

दोन द्रोण पिऊनही मला काही झाले नव्हते. मी तिला सोडायला हवे होते. सोडले नाही, कारण हुकूम वरचा होता आणि दवाखान्याबाहेर माणसे जमली होती. ती रात्र तिने ठाण्यात काढली.

सकाळी मी शेजाऱ्याला पुन्हा बोलावले.

"काही घालताना तू पाहिलेस?"

"बघितला नाय. पण सगले बोलतात."

"सगळे म्हणजे कोण?"

आणखी विचारल्यावर त्याचा आणि म्हातारीचा बांधाचा जुना तंटा बाहेर आला.

तेवढ्यात डॉक्टरांचे बोलावणे आले. सुताराचा मुलगा आता शुद्धीवर होता. डॉक्टरांनी मुलांच्या उलटीत सापडलेले पांढरे तुकडे आणि एक काळे टरफल मला दाखवले. मी ते ओळखले. ती मोगली एरंडाची बी होती. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून त्या झाडांचे कुंपण करतात. बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते, पण विषारी असते. पाड्यावरची पोरे तिला हात लावत नाहीत, आमच्या मुलांना ते कोण सांगणार?

मी मास्तरांना घेऊन यादी केली. आंबील सगळी मुले प्याली होती. कुंपणाकडे गेलेली मुले दहा. आजारी पडलेली त्यांतलीच नऊ. दहावी माझी मुलगी.

घरी येऊन तिला समोर बसवले.

"कुंपणाजवळ काय खेळत होतात?"

"सत्यनारायणाची पूजा."

"आणि प्रसाद?"

तिचा चेहरा पडला. "बिया फोडल्या. मी भटजी झाले होते, आबा. सगळ्यांना वाटल्या. मला उरल्याच नाहीत."

"मग सांगितले का नाहीस?"

"सांगणार होते. पण तुम्ही त्या आजीला धरून आणलंत. मला वाटलं, तुम्ही आणलं म्हणजे तिनंच काहीतरी केलं असेल."

मी तिचा जबाब लिहून घेतला. कचेरीतले वरिष्ठ म्हणाले, "मुलीचे नाव कशाला? 'एक विद्यार्थिनी' लिहा." मी नाव लिहिले. पुन्हा खोटा आळ घेणार नाही असा शेजाऱ्याकडून मुचलका लिहून घेतला आणि म्हातारीला सोडले. जाताना तिने एवढेच विचारले, "पोरं बरी हायत ना?" नऊच्या नऊ मुले बरी झाली.

प्रकरण संपले असे मी समजलो. पंधरा दिवसांनी गस्तीवर त्या पाड्यावर गेलो, तेव्हा विहिरीवर म्हातारी एकटी दिसली. ती निघून जाईपर्यंत बाकीच्या बाया लांब उभ्या होत्या. मी पाटलावर चिडलो.

"ती निर्दोष आहे, असे मी लिहून दिले आहे!"

पाटील शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमी नेताना सगल्यांनी बघितला. सोडताना कोणी बघितला?"

पुढच्या आठवड्यात मी मुलीला गाडीत घालून तिथे नेले. पाटलाने पाडा गोळा केला. मुलीने कुंपणाकडे बोट दाखवून काय घडले ते सगळ्यांसमोर सांगितले. मधेच ती रडू लागली, तेव्हा म्हातारीने तिला जवळ ओढले. त्या दिवशी सगळ्यांची मने साफ झाली असे मी म्हणणार नाही. दोन बाया मात्र तिच्यासोबत विहिरीवर गेल्या.

पोलिसाने एखाद्याचा दंड धरला की लोकांच्या मनात निकाल लागून जातो, आणि तो आमच्या दप्तरातल्या शेऱ्याने पुसला जात नाही. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, ज्याला चुकीने धरून आणले त्याला पोचवायला मी स्वतः त्याच्या गावी जात असे. दिवसाउजेडी, गणवेशात आणि त्याच्या बरोबरीने चालत.