माती झटकू नका

“माती झटकू नका.” डहाणूच्या बाजारात भाजीवालीने माठाची जुडी उचलली, की आमच्या या गृहस्थांचा हात आडवा यायचा. भाजीवाली बिचारी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी माती झाडायला जायची, आणि यांना भाजीपेक्षा मातीच जास्त हवी असायची. बाजारात असा एखादा विक्षिप्त माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचा मात्र सरकारी पगारावर विक्षिप्त होता.

आमच्या प्रयोगशाळेत ते नमुने गोळा करायचे. अणुवीज केंद्राच्या आसपासच्या गावांतून भात, भाजी, कंद मुळांसकट आणायचे, वाळवायचे आणि भट्टीत जाळायचे. दहा किलो माठाची वाटीभर राख व्हायची. घरी भाजी जराशी करपली तर मला आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं. ते मात्र रोज जाळायचे आणि त्यांना बढती मिळायची. ती राख मी किरणोत्सार मोजायच्या यंत्रात ठेवायचो आणि येईल तो आकडा लिहायचो.

वाटेत भेटेल त्याला ते मुळांचं शास्त्र सांगायचे. मातीत थोडं किरणोत्सारी असतंच, काही मूळचं, काही जगाने पूर्वी हवेत फोडलेल्या बॉम्बच्या धुळीतून आलेलं. मुळाला त्यातलं काही ओळखता येत नाही. त्या धुळीतलं सीझियम त्याला पोटॅशसारखं वाटतं, स्ट्रॉन्शियम चुन्यासारखं, आणि ते बिनदिक्कत आत घेतं. “उपाशी मूळ भलतंच खातं,” ते म्हणायचे, “आधी त्याला पोटभर पोटॅश द्या.” ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते खताचे एजंट वाटायचे.

उरलेला नमुना ते घरी नेऊन खायचे. मलाही द्यायचे. मी म्हणायचो, आमच्याकडे माठ कुणी खात नाही, रताळ्याने पोट बिघडतं, आज उपास आहे. त्या भाजीत काही नाही हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आकडा मीच लिहीत होतो. तरी इतक्या वर्षांत मी एक पान घरी नेलं नाही. विज्ञानावर माझा विश्वास कार्यालयीन वेळेपुरता होता.

तुलनेसाठी केंद्रापासून लांबचं, स्वच्छ शेत लागायचं. त्यासाठी गंजाडच्या लखमीबायचं शेत निवडलं होतं. दर हंगामात आमची जीप तिच्या बांधावर उभी राहायची. पाड्याने विचार केला, चांगल्या शेतात सरकार कशाला येईल? या तर्कात मला आजही चूक सापडत नाही. पाड्यावर रस्त्यासाठी, पाण्यासाठी सरकार कधी आलं नव्हतं. तेव्हा ज्या अर्थी ते भाजी न्यायला येतं, त्या अर्थी जमिनीत विष असणारच. ही बातमी चारोटीच्या नाक्यावर पोचायला वेळ लागला नाही. लखमीबाय तिथेच भाजीची पाटी घेऊन बसायची, आणि घर त्या पाटीवरच चालायचं.

एकदा आम्ही गेलो तर तिने नमुना खणायला खुरपं दिलंच नाही. बांधावर बसून शांतपणे म्हणाली, “साहेब, तुमची गाडी येते तवापासून माझी भाजी कोण घेत नाय. पाटी भरून नेते, भरलेली घरी आणते. आता येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरिष्ठांकडे तिची भाजी निर्धोक असल्याचं पत्र मागितलं. वरिष्ठ म्हणाले, पत्र दिलं म्हणजे शंका होती असं कबूल केल्यासारखं होईल. मग आमचा अहवालच घेऊन हे चारोटीला गेले आणि तिच्या पाटीशेजारी उभं राहून वाचू लागले: किरणोत्सार आढळला नाही. गिऱ्हाइकांत डहाणूचे एक पेन्शनर होते. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि निकाल दिला, “म्हणजे आहे, पण यांना सापडला नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकलेल्या माणसापुढे अहवालाचं काय चालणार?

पुढचे पंधरा दिवस आमच्या या गृहस्थांनी जीप दारोदार फिरवली. पाड्यावरच्या प्रत्येक शेतातून नमुना घेतला. शेजारच्या चिकूच्या वाडीत गेले. त्या पेन्शनर गृहस्थांच्या परसातलं अळूसुद्धा त्यांनी मुळांसकट उपटून घेतलं, वर त्यांनाच बजावलं, “माती झटकू नका.” आता कोण कुणाच्या भाजीला नाव ठेवणार? सरकारी गाडी सगळ्यांच्याच दारात येऊन गेली होती. सगळेच संशयित झाले तेव्हा संशय परवडेनासा झाला, आणि लखमीबायची पाटी रिकामी घरी जाऊ लागली.

त्यांना अनावश्यक नमुन्यांबद्दल मेमो मिळाला. मला दोन महिने जास्तीचं काम पडलं, आणि त्याबद्दल मीही त्यांना बरंच बोललो. त्याची आज लाज वाटते.

निवृत्तीनंतर ते फार दिवस जगले नाहीत. या माघात नमुन्यासाठी मीच गंजाडला गेलो. लखमीबायने जीपमागे पाहिलं आणि विचारलं, “साहेब नाय आले?” मी सांगितलं. तिने वेल उपटला आणि रताळी मातीसकट माझ्या पिशवीत भरली. मग एक वेगळं काढून पदराला पुसलं आणि मोडलं. तुटल्या जागी पांढरा चीक आला. अर्धं माझ्यापुढे धरून म्हणाली, “ते इथंच बसून खायचे.”

रताळ्याने पोट बिघडतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सालीवर थोडी माती राहिली होती. ती झटकायला मी हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. बांधावर तिच्याशेजारी बसून मी ते अर्धं रताळं खाल्लं. दातांखाली माती कचकचत होती.