काकूंकडून करवून घेतलेला फोन

एकोणीस वर्षांची होते. आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. बोराएवढी, गुळगुळीत, दाबली की सरकणारी. दुखत नव्हती. मी आईला सांगितलं, आईनं घाबरून काकूंना. तिथंच चुकलं.

माझं लग्न तेव्हा भूमच्या एका घरात ठरलं होतं. भूम म्हणजे काकूंचं माहेर. आम्ही धाराशिवला डॉक्टरीणबाईंकडं जायच्या आतच तिकडून निरोप आला, पोरीला कॅन्सर आहे, आमाला जमायचं न्हाय. आमच्या गावात, बेंबळीत, शेजारच्या बायका मला बघून बोलणं थांबवायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, सुईनं पेशी काढून तपासायला पाठवल्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "साधी गाठ आहे, फायब्रोअडिनोमा. तुझ्या वयाच्या कितीतरी मुलींना असते. हा कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी दाखव, वाढली तर काढू."

आई दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडली. मला रडू आलं ते पुढं, त्याच मुलाशी काकूंच्या भाचीचं लग्न लागलं तेव्हा. मुलाचं दुःख नव्हतं, त्याला मी दोनदाच पाहिलं होतं. माझ्या अंगाची बोंब करून काकूंनी भाचीची सोय लावली, याचा संताप होता.

सात वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. तोवर नर्सिंग करून नोकरीलाही लागले. गेल्या उन्हाळ्यात काकू आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन दारात उभ्या. तिलाही गाठ लागली होती.

"कुणाला बोलू नको गं," काकू म्हणाल्या. "पोरीचं लग्न व्हायचंय."

खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं.

बहिणीला आत नेलं. "बहुतेक साधीच असंल," मी म्हणाले, "पण तपासल्याशिवाय सांगता येत न्हाय. उद्या जाऊ." मग बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "हिला मी नेते. आधी भूमला फोन लावा, भाचीच्या सासूला. माझ्याबद्दल खोटं सांगितलं होतं म्हणून सांगा. आईसमोर."

"आता कशाला? किती वर्षं झाली."

"लावा."

फोन केला नसता तरी मी बहिणीला नेलंच असतं. ते काकूंना कळू दिलं नाही.

त्यांनी फोन लावला. "त्या पोरीला कॅन्सर नव्हता," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं बोला. आईला ऐकू येत न्हाय."

"रिपोर्ट यायच्या आधी म्याच उठवलं हुतं!" काकू ओरडल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. पलीकडून फोन कट झाला. आई म्हणाली, "बास कर आता." मी काकूंना पाणीसुद्धा विचारलं नाही.

बहिणीची गाठ साधीच निघाली. वाढत होती म्हणून काढली, बारीकसा व्रण राहिलाय. ऑपरेशनच्या दिवशी तिचा हात मी धरला होता, काकू बाहेर बाकावर होत्या. बहिणीशी आता रोज बोलणं होतं. काकूंशी नाही.