बैलांवाचून वळणारी फळी

आकाराम जुन्या बाजारात वस्तू घ्यायला जात नाही, घासाघीस करायला जातो, असं त्याची बायको शालूबाई म्हणे. आणि ते खरंच होतं. एकाहत्तरच्या लढाईत उजवा गुडघा गमावून तो वाईजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हापासून त्याला हा नाद लागला. बाजाराचा दिवस पाहून एस.टी. धरायची, भंगाराच्या ढिगापुढे काठी टेकून उभं राहायचं आणि पडत्या भावात काहीतरी घरी आणायचं. पितळी घंटा, एका डोळ्याची दुर्बीण, एकुलता एक बूट.

"दुसऱ्या पायात काय घालनार?" शालूबाई विचारी.

"गावंल की कवातरी."

त्याचं जे हरवलं होतं ते मात्र कुठल्या ढिगात गावणारं नव्हतं. पलटणीत धावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता डॉक्टर म्हणाले होते, चालाल, धावणं विसरा. तो धावणं विसरलाही. कानाशी घुमणारा वारा तेवढा विसरता येईना.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात पाचगणीला एका बंगल्यातलं जुनं सामान विक्रीला निघालं, म्हणून तो गेला. बंगल्याच्या अलीकडे रस्ता उताराचा होता. वरून एक गोरा तरुण आला. धावत नव्हता, सायकलवर नव्हता; लांबलचक फळीवर नुसता उभा होता. फळीखाली चार चाकं. पाय जागचे हलत नव्हते आणि झाडं मात्र त्याच्या मागे पळत होती. वळणावर तो अंगानं कलला, त्याच्याखाली फळी कलली, आणि रस्त्याबरोबर दोघंही अलगद वळून दिसेनासे झाले.

आकाराम कितीतरी वेळ त्या रिकाम्या वळणाकडे बघत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो बाजार न करता घरी आला.

"बरं न्हाई का?" शालूबाईनं कपाळाला हात लावून पाहिला.

"शाले, उभ्या उभ्या पळता येतंय गं."

तिला वाटलं, ताप डोक्यात गेला.

तसल्या फळीसाठी चाकं मिळाली सांगलीत. तिथला भंगारवाला भाऊसो पूर्वी बैलबाजारात दलाल होता. बैल सुटले तरी सवय सुटली नव्हती. गिरणीतल्या ढकलगाडीची चार रबरी चाकं आकारामनं उचलली, तसा भाऊसोनं खांद्यावरचा टॉवेल पुढे धरला.

"हात आत घाला. एक बोट म्हंजी धा रुपये. तोंडानं भाव करायचा न्हाई."

टॉवेलाखाली बोटं धरली गेली, सोडली गेली, पुन्हा धरली गेली. एरवी तो हसत माघारी फिरला असता. आज त्याला ते जमेना.

"फौजी," भाऊसो हळूच म्हणाला, "बोटं थरथरत्यात तुमची. गरजू गिऱ्हाईक हाय म्हनायचं." आणि त्यानं आपणहून एक बोट सोडलं.

गाडी बांधली नाथाजी सुतारानं. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या करणारं घर. त्यानं जुन्या दाराची सागवानी फळी घेतली, खाली चाकांचे दोन लोखंडी आस असे पक्के ठोकले की भूकंपातही हलू नयेत. धरणाकडे जाणाऱ्या नव्या डांबरी रस्त्याच्या उतारावर आकाराम तिच्यावर उभा राहिला. फळी निघाली, वारा आला, वळणही आलं. रस्ता डावीकडे गेला. फळी सरळ ज्वारीत.

नाथाजी कणसांतून त्याला उठवताना हसून हसून बेजार झाला. "अरं गड्या, माझ्या बापानं कवा वळनारी गाडी केली न्हाई! वळवायचं काम बैलांचं."

"बैल न्हाईत हिला," आकाराम धुळीत बसूनच म्हणाला. "तो गोरा कलला, तवा फळी कलली व्हती. नाथाजी, तुझा आस हलंना झालाय रं."

"हलनारा आस? लोक तोंडात शेन घालतील माझ्या!"

तरी त्यानं ऐकलं. भाऊसोकडून ट्रकच्या इंजिनाखालचं जाड रबर आलं. ते फळी आणि आसाच्या मध्ये बसलं, आस जरा तिरके झाले. फळी एका अंगाला दाबली की चाकं तिकडे तोंड करू लागली. नाथाजी ती पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिला. मग त्यानं तिला नमस्कार केला, नव्या गाडीला करतात तसा.

शालूबाई उताराच्या पायथ्याशी येऊन थांबली होती. "आता मोडलासा तर मी उचलनार न्हाई," असं बजावून आली होती, आणि पदराला हळदीची पुडी बांधून.

वर तो काठी टेकत दिसला. मग दिसला तो काठीविना. आधी हळू, मग जोरात. वळण आलं तसा तो कलला, वाऱ्यानं पीक वाकावं इतकाच. आणि फळी वळली. शालूबाईचा हात पुडीवरच राहिला. लग्नानंतर पलटणीच्या शर्यतीत तिनं पाहिलेला तो चेहरा, डोळे बारीक, ओठ किंचित उघडे, थेट तिच्याकडे येत होता.

पायथ्याच्या पुलापुढे रस्ता चढाला लागतो, तिथं फळी आपोआप मंदावली आणि थांबली. तो उतरला. ती पुढे आली.

म्हणाली, "आवं, काठी कुटं हाय?"

त्यानं रिकाम्या हाताकडे पाहिलं. "वरच ऱ्हायली."

"मग जावा आनायला." तिनं फळी उचलून त्याच्या काखेत दिली. "सावकास या म्हनत न्हाई मी."