मामांच्या वॉरंटची मुदत

वस्तू विकत न घेता तिच्यावर हक्क कसा सांगावा, हे शिकायचं असेल तर मलकापूरला या आणि माझ्या बायकोच्या मामांचे पाय धरा. हा माणूस झाड घेत नाही, झाडाचा इसार देतो. एकदा मोहरलेल्या आंब्याच्या मालकाच्या हातावर थोडे पैसे टेकवून त्यांनी ठरल्या भावाने आंबे उचलायचा हक्क घेतला. पुढे वादळात सगळ्या कैऱ्या मातीत गेल्या. मालक डोक्याला हात लावून बसला आणि मामांनी गल्लीत पेढे वाटले. "झाडच घेतलं असतं तं मेलोच असतो! गेला तं इसारच गेला नं!" लोणच्याच्या कैऱ्या मामींनी बाजारातून आणल्या, ते मामांनी हिशेबात धरलं नाही.

असा माणूस शेअरबाजारात जाऊन साधा शेअर घेईल? छे! त्यांनी वॉरंटं घेतली. म्हणजे कंपनीचा शेअर ठरावीक मुदतीपर्यंत शंभर रुपयांना मागायचा हक्क. शेअर तेव्हा नव्वदला मिळत होता आणि हा नुसता हक्क आठ रुपयांना!

"मामा, नव्वदचा माल शंभरला घ्यायच्या हक्काचे आठ रुपये कशाला द्यायचे?" मी विचारलं.

"जावईबापू, मुदत बाकी हाय नं! तवरोक काय होईन, कोणाले मालूम? त्याचाच भाव असते."

हे तत्त्व त्यांनी पुतण्याच्या साखरपुड्यातही मांडलं. "लग्न लांबवा. मुदत जितकी लांब, तितका भाव जास्त!" मुलीकडचे ताटावरून उठले, मामींनी हात जोडून त्यांना परत बसवलं.

मामींचं मागणं एकच. मलकापूरच्या उन्हाळ्यात त्यांना घेरी येते, म्हणून घाटावर, बुलढाण्याला घर हवं. मामा म्हणत, "वॉरंट पिकू दे." आणि पिकलं की हो! शेअर एकशे दहावर गेला, वॉरंट सतरावर. मामा अंगणात नाचले. "शेअर पावपट बी नाही वाढला, वॉरंट दुपटीच्या वर!"

"मंग इका नं आता," मामी म्हणाल्या.

"अवो, मुदत बाकी हाय अजून!"

शेअर उतरू लागला. तसा तो शंभराच्या आसपासच घुटमळत होता. पण मुदत सरत आली तसं वॉरंट मात्र रोज वाळत गेलं. शेवटच्या दुपारी आम्ही तिघं मोबाईलसमोर बसलो. शेअर सत्त्याण्णवावर थांबला. बाजारात सत्त्याण्णवला मिळणारी वस्तू शंभरला मागायचा हक्क कोण घेणार? मामांनी मोबाईल पालथा ठेवला.

मामींनी चहा आणला. "बुलढाण्यात दोन खोल्या पाहून ठेवल्या मी. भाड्याच्या. अकरा महिन्यांचा करार हाय."

"अकराच महिने?" मामांनी विचारलं.

"एक उन्हाळा बसते त्यात," मामी म्हणाल्या.

मामांनी चहाचा कप हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "कवा निंगाचं?"