गाडी जाईल तिथवर तबला

आमच्या तबलजींचा रेल्वेवर जेवढा जीव आहे तेवढा खुद्द रेल्वेचासुद्धा स्वतःवर नसेल. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, इथे रूळ संपतात, असं आपण शाळेत शिकलो. तबलजींना ते मान्य नाही. "संपत्यात कुठं वो मास्तर? हितनंच तर सुरू हुत्यात," असं ते मला गेली वीस वर्षं बजावत आलेत. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक आणि फावल्या वेळातला पेटीवाला. त्यामुळे त्यांच्या शेजारी बसायचा योग वारंवार येतो आणि गाण्यापेक्षा गाड्यांचंच जास्त ऐकावं लागतं. परगावाहून आलेल्या पाहुण्याला आपण प्रवास कसा झाला, चहा घेणार का, असं काहीतरी विचारतो. तबलजी विचारतात, "पावणं, इंजिन कुठलं हुतं?" ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याविषयी त्यांचं मत कायमचं वाईट होतं. माझा मेहुणा एकदा नागपूरहून रेल्वेने आला आणि सगळा प्रवास आपण झोपून काढल्याचं कौतुकाने सांगून बसला. त्याला आता पाच वर्षं झाली, पण तबलजी अजून चौकशी करताना "ते झोपलेलं पावणं बरं हायत न्हवं?" असंच विचारतात.

या वेडाचा खरा धनी त्यांचे वडील, म्हणजे आबा. रुकडीजवळ रुळाला लागून आबांचा उसाचा तुकडा आहे. तबलजी पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली आणि दोन म्हशी, एक बैल आणि हे एक रडणारं पोर आबांच्या एकट्याच्या गळ्यात पडलं. म्हशी आणि बैल ऐकायचे, पोर ऐकायचं नाही. एके दिवशी वैतागून आबा त्याला खांद्यावर टाकून बांधावर गेले, समोरून पॅसेंजर गेली आणि पोर गप्प झालं. त्या दिवसापासून आबांनी शेती रेल्वेच्या वेळापत्रकावर आणली. भांगलण-खुरपणी सकाळच्या एक्सप्रेसपर्यंत, वैरण दुपारच्या पॅसेंजरनंतर, आणि पोराचं जेवण गाडी येईल तेव्हा. आबा हे सांगताना अजून रंगात येतात. "गाडी बघितल्याबिगर घास गिळत न्हवतं बघा. मग काय करतोस? एका डब्याला एक घास. पॅसेंजर आली की अर्धपोटी ऱ्हायाचं. मालगाडी आली म्हंजे मातूर पोट तट्ट फुगायचं!" तबलजींची आजची अंगकाठी पाहिली की त्या काळात मालवाहतूक जोरात असावी असं वाटतं.

पुढे पोरगं ताटं, डबे, म्हशीची पाठ, जे हाताशी येईल ते बडवायला लागलं. कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणे भावकीने सल्ला दिला की याला तालमीत घाला, हात चांगला आहे. आबा म्हणाले, "बडवायचंच हाय तर तबला बडवू दे की. माणसं बडवणारी गावात लई हायत." आता तबला शिकवणारे कोल्हापुरात कमी नव्हते, आणि रुकडीहून कोल्हापूर जवळ. पण आबांनी गुरुजी धरले ते मिरजेचे. मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. मला वाटलं घराणं, परंपरा असं काहीतरी ऐकायला मिळेल. आबा म्हणाले, "मिरज लांब पडती. गाडीत जास्ती येळ बसाय मिळतंय. तबल्यासाठी न्हाय गेलं तरी गाडीसाठी जाईल, असा हिशोब केला." असा हिशोब करणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. दर रविवारी ते स्वतः मुलाला घेऊन मिरजेला जायचे, गुरुजींच्या दारातल्या पायरीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचे आणि शिकवणी संपली की परत यायचे.

गुरुजींनी लय शिकवली की गाडीने, हे आता सांगता येणार नाही, पण तबलजी स्वतः शिकवायला लागले तेव्हा त्यांनी दोन्ही एकत्रच शिकवायला घेतलं. नव्या विद्यार्थ्याने आधी पॅसेंजरने मिरजेपर्यंत जाऊन यायचं, मांडीवर ठेका धरून. पंचगंगेच्या पुलावर आवाज बदलतो, तिथे ज्याचा ठेका सुटला नाही तो पास. एका आईने माझ्याकडे तक्रार केली, "पोराला तबल्याच्या क्लासला घातला, तर यांनी पहिल्या दिवशी रेल्वेचा पास काढायला लावला." मधल्या काळात रूळ सलग जोडले गेले आणि चाकांची ती जुनी खटखट गेली. तबलजी तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी भेटायला गेलो तर आबा दारातच हळू आवाजात म्हणाले, "आत बसलाय. जरा दमानं बोला." घरात कोणी गेल्यासारखं मी चपला काढून आत गेलो आणि गुळाचा चहा पिऊन परत आलो.

एसटी म्हणजे तबलजींचा शत्रुपक्ष. तिच्यात बसलं की पहिल्या वळणालाच त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून गाडी जाईल तिथवरच यांचा तबला जातो. चंदगडहून एकदा मोठं आमंत्रण आलं, मान होता, पाहुणचार होता, वर काजूची पोती देऊ म्हणाले. तबलजींनी नम्रपणे विचारलं, "स्टेशन कुठं पडतंय?" यजमान बिचारा हसला, त्याला वाटलं गंमत करतायत. काजू राहिले. अर्ध्या जिल्ह्याने त्यांचा तबला ऐकलेला नाही आणि सोलापूरने मात्र भरपूर ऐकला आहे.

एवढं सगळं असून हा माणूस आयुष्यभर कुणाच्या तरी मागेच वाजवत आला. कधी गवयाच्या, कधी भजनाच्या, कधी सतारीच्या. तबलजीची जागा मंचावर कडेला असते, आणि आबांना तेवढंच एक सलत होतं. ते तक्रार करणारे नव्हेत, पण प्रत्येक कार्यक्रम संपला की मला बाजूला घेऊन म्हणायचे, "मास्तर, पोरगं सदा कडंला बसतंय. एकदा मधी बसलेलं बघायचंय. मग माझं काय बी म्हणणं न्हाय." त्यांची पंच्याहत्तरी उलटली तशी हे म्हणणं वाढत गेलं.

आणि मग खरंच पुण्याच्या एका संगीत मंडळाकडून पत्र आलं. पाऊण तास एकट्याचा तबला. तबलजी मध्ये आणि कडेला मी, लेहरा धरायला. लेहरा म्हणजे पेटीवर एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहायची, तबला वाजवणाऱ्याला तालाची जागा सापडत राहावी म्हणून. आयुष्यात एवढ्या कमी अकलेचं काम दुसरं नाही, पण मी मोठ्या आनंदाने हो म्हणालो. आबांनी नवं धोतर घेतलं. सकाळच्या गाडीला आम्ही तिघे बसलो. आबांच्या एका बाजूला तबला-डग्ग्याची पिशवी, दुसऱ्या बाजूला दहा भाकरी आणि ठेचा. पुण्यात दुष्काळ पडल्याची बातमी असावी अशा तयारीने ते निघाले होते.

आता मिरजेत काय होतं ते सांगायला हवं. कोल्हापूरहून पुण्याला जाणारी गाडी मिरजेत तोंड फिरवते. पुढचं इंजिन सोडतात, मागच्या बाजूला इंजिन लावतात आणि गाडी शेपटाकडून निघते. इतर प्रवासी तेवढ्यात चहा घेतात. तबलजी उतरून नवं इंजिन जोडताना बघतात, डबा खाडकन बसला की "सम!" म्हणतात आणि वर चढतात. वीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. पण त्या दिवशी त्यांच्या मनाने वेगळंच घेतलं. नंतर त्यांनीच सांगितलं, "म्हटलं, आज आपण मधी बसणार. दरवेळंला नव्या इंजिनाचं कौतुक करतोय, सुटलेलं बिचारं एकटं जातंय त्येला कोण बघत न्हाय." म्हणून ते सुटलेल्या इंजिनाला निरोप द्यायला फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेले. इकडे शिट्टी झाली. गाडी उलट्या दिशेने निघाली आणि ज्या टोकाला हे उभे होते ते तिचं शेवटचं टोक होतं. खिडकीतून मला ते दिसले, पळत येणारे, एक हात वर केलेले, आणि लहान लहान होत गेले. त्यांचा फोन पिशवीत, डग्ग्याच्या पोटाशी वाजत होता. परक्याच्या फोनवरून तेच मला लावत होते, पण चुकून स्वतःचाच नंबर फिरवत होते.

शेवटी आबांनी तो उचलला. "आबा, पुढच्या गाडीनं येतो!" एवढं मलाही ऐकू आलं. मी फोन ओढून घेऊन ओरडलो, "अहो, एसटी धरा, टॅक्सी धरा!" "आणि येऊन ओकत बसू व्हय मास्तर?" असं म्हणून त्यांनी ठेवलाच. आबा मात्र भाकरी सोडायला लागले. म्हणाले, "येतंय की. गाडीनं येतो म्हटलंय न्हवं? मग येतंय." पण भाकरी त्यांनी तशीच बांधून ठेवली, हे मी पाहिलं.

हॉलवर पोहोचलो तर आधीच्या मुलीचं गाणं संपत आलेलं. संयोजक सभ्य गृहस्थ होते, पण हॉल साडेसहाला रिकामा करून द्यायचा होता. ते म्हणाले, कलाकारच नाही म्हटल्यावर आपण आभार मानून आटोपतं घेऊ. तेवढ्यात आबांनी माझा दंड धरला. "चला मास्तर. पेटी घ्या." काय चाललंय हे मला कळायच्या आत ते मंचावर चढले, मधोमध मांडी घातली, तबला-डग्गा समोर मांडला आणि माईकमध्ये म्हणाले, "मंडळी, पोरगं मिरजेत ऱ्हायलंय. गाडीनं येतंय. तवर त्येनं काय वाजीवलं असतं ते मी तोंडानं सांगतो."

लोक हसले. मी डोळे मिटून लेहरा धरला, कारण बघवत नव्हतं. आणि आबांनी टाळी देऊन संथ लयीत सुरुवात केली. धा धा तिरकिट धा धा तूं ना. पाठोपाठ कायदा, त्याचे पलटे, एक रेला. या माणसाने जन्मात तबल्याला फडक्याने पुसण्यापलीकडे हात लावलेला नव्हता. मिरजेच्या त्या पायरीवर टोपी गुडघ्यावर ठेवून दर रविवारी ते जे ऐकत होते, ते सगळं पोटात साठवून ठेवलं होतं आणि मुलालासुद्धा त्याचा पत्ता नव्हता. उच्चार सगळा शिवारातला, पण लय तसूभर हलत नव्हती. पाच मिनिटांत हसणं थांबलं. पुढच्या रांगेतले एक कडक चेहऱ्याचे आजोबा बोटांवर मात्रा मोजायला लागले आणि समेवर मान हलवायला लागले. असा चांगला अर्धा तास गेला.

दारात तबलजी उभे राहिलेले मला दिसले तेव्हा आबा शेवटच्या तिहाईवर आले होते, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर यायचं. ते थांबले नाहीत. तिसरा धा समेवर ठेवला, मग हात जोडून लोकांना नमस्कार केला आणि माईकमध्येच म्हणाले, "आलास व्हय? ये, बस हितं मधी. लोकास्नी सगळं सांगितलंय, आता नुसतं वाजीव."

तबलजी वाजवायला बसले आणि आबा उतरून पहिल्या रांगेत बसले. असा तबला मी त्यांच्या हातून कधी ऐकला नव्हता. डोळे मिटलेले, बोटं कुठे पडतायत ते दिसत नव्हतं. मला लेहऱ्याशिवाय काम नव्हतं, म्हणून मी समोर आबांकडे पाहिलं, तर आबा झोपलेले. पहाटेपासून जागे, दिवसभर उपाशी, वर अर्धा तास बोल म्हणून दमलेले. हनुवटी छातीला लागली होती आणि नवं धोतर गुडघ्यापर्यंत वर आलं होतं. उठवावं म्हटलं तर माझे दोन्ही हात पेटीवर. मी खोकलो, स्वर चुकीचा लावून पाहिला, त्यावर तबलजींनी डोळे न उघडता मला झापल्यासारखा डग्गा घुमवला. शेवटी टाळ्यांनी आबा दचकून जागे झाले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवायला लागले. मग त्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि त्यांचे हात थांबले.

लोक गेले. हॉलचा माणूस खुर्च्या एकावर एक रचायला लागला. आबा मंचापाशी आले, पण वर चढले नाहीत. खाली बघत म्हणाले, "मला झोप लागली रं." एवढी वर्षं मी त्यांना ओळखतो, पण त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

तबलजी तबला पिशवीत घालत होते. त्यांनी तो परत बाहेर काढला, पुन्हा मधोमध मांडला आणि मला म्हणाले, "मास्तर, लेहरा धरा." मी घड्याळाकडे बोट दाखवलं. परतीच्या गाडीला जेमतेम वेळ होता, आणि त्या गाडीला नवं इंजिन लागणार असल्याचं त्यांनीच मला महिनाभर ऐकवलं होतं. आबाही घाईघाईने म्हणाले, "आरं, गाडी जाईल की!"

"जाऊ दे," तबलजी म्हणाले.

माझ्या वडिलांनी मला पेटी वाजवताना कधी ऐकलं नाही. ते घरात आले की मी ती बंद करून कॉटखाली सरकवायचो. का कोण जाणे, भाता उघडताना मला ते आठवलं आणि पहिले दोन स्वर नीट लागले नाहीत. समोर हॉलच्या माणसाने रचलेल्या ढिगातून एक खुर्ची परत काढून आबांना दिली. आबा तिच्यावर पाठ न टेकता, डोळे मोठे करून बसले, आणि तबलजींनी अगदी पहिल्यापासून ठेका धरला.